मुंबई ते मद्रास : अंतराचा इतिहास

टी. नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ‘मुंबई येथून किती दूर?’ असे कोणी विचारले, तर उत्तरे एकाहून अधिक संभवतात. आकाशमार्गाने सरळ मोजल्यास हे अंतर सुमारे 1,030 किलोमीटर भरते. लोहमार्गाने ते सुमारे 1,280 होते. आणि बंगळूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे अशा सडकेने जाऊ म्हटले, तर 1,300 च्या पुढे जाते. विमानास दोन तास पुरतात, आगगाडीस जवळजवळ एक दिवस लागतो. परंतु अंतराला भूगोलाप्रमाणेच इतिहासही असतो, आणि आम्हां प्रवासी मराठी जनांनी तो जाणून घेण्यासारखा आहे.

व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर येथे आपले राज्य स्थापिले. 1677 मध्ये शिवछत्रपतींनी दक्षिणमोहिमेत जिंजीचा दुर्ग घेतला. पुढे 1689 साली राजाराममहाराज मोगलांच्या वेढ्यातून निसटून, वेष पालटून पन्हाळ्याहून निघाले, ते बिदनूर, बंगळूर, वेल्लोर या वाटेने महिन्याहून अधिक काळाने जिंजीस पोहोचले. राजाची ही कथा. मग सामान्य शिलेदार वा कारकून एकदा इकडे आल्यावर पुन्हा गाव पाहील, याची शाश्वती ती कोणती?

1871 साली मुंबईकडून आलेला आणि मद्रासकडून गेलेला असे दोन लोहमार्ग रायचूर येथे एकमेकांस मिळाले, आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. ऑक्टोबर 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. अशा रीतीने माणसाआधी त्याचे पत्र उडू लागले. त्याच्या थोडे आधी, 1920 नंतरच्या दशकात, येथील विस्तीर्ण तलाव आटवून सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या नावाची ही टी. नगरची वसाहत उभी राहिली होती.

अंतर असे उत्तरोत्तर आकुंचन पावले. मग भाषेचे काय झाले? ज्यांना परतीची वाट जवळजवळ बंद होती, त्या तंजावरकरांनी 1803 साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा विस्तृत वृत्तांत मराठीत कोरविला. 1855 साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. राजाश्रय गेला, तरी अनेक घरांतील मराठी गेली नाही. तमिळचा साज लेवून का होईना, ती आजही बोलली जाते.

उलट, ज्यांना दोन तासांत मुंबई गाठता येते, अशा आमच्या कित्येक घरांत आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नास मुलाचे उत्तर इंग्रजीत येते. तेव्हा भाषा मावळण्याचा दोष अंतराच्या माथी मारणे न्याय्य नव्हे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. तमिळ ही आमच्या मुलांची शेजारभाषा. ती त्यांनी उत्तम शिकावी. तंजावरकरांनी दोन्ही भाषा सांभाळल्याच होत्या. विमान नातवाला आजीच्या दारापर्यंत नेऊन सोडील. मात्र दार उघडल्यावर तो तिच्याशी कोणत्या भाषेत बोलेल, हे टी. नगरातील घरातच ठरावयाचे आहे.