घरच्या पडद्यावरचे जुने बोलपट



ज्या बोलपटांसाठीं आपले आजे-पणजे तिकिटाच्या खिडकीशीं धक्के खात उभे राहिले, ते बोलपट आज आपण होऊन आपल्या दारीं आले आहेत. 'संत तुकाराम' १९३६ सालीं लागला, तेव्हां मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत तो ५७ आठवडे चालला. त्या वेळीं पनवेलच्या माणसाला तो पाहावयाचा म्हणजे एक तर मुंबई गांठावी, नाहीं तर तंबूंतला सिनेमा गांवांत केव्हां येतो याची वाट पाहावी. आज तोच बोलपट पनवेलच्या कोणत्याहि घरांत, जेवणाच्या ताटाशेजारीं, तळहाताएवढ्या कांचेवर दिसतो. हें कसें घडलें, आणि असा दिसणारा जुना बोलपट आपण खरोखर किती पाहतों, या दोन गोष्टींविषयीं आज आपणांशीं बोलावें असें मनांत आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें शनिवारच्या सायंकाळीं मराठी चित्रपट दाखविण्याचा त्याचा परिपाठ पडला. आळींत एखाददुसरा संच. त्याच्यापुढें सतरंजी अंथरलेली. पुढें मुलें, मागें बायका, दारांत चपलांचा ढीग. माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांनीं दामले आणि फत्तेलाल हीं नांवें प्रथम वाचलीं तीं त्या गर्दींत, कोणाच्या तरी खांद्यावरून. त्या पाहण्यांत निवड नव्हती. केंद्र जें दाखवील तें पाहावयाचें, आणि मध्येंच वीज गेली तर उरलेली कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकावयाची. कधीं कधीं ही ऐकलेली कथाच अधिक रंगत असे.

१९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या निमित्तानें दूरदर्शनला रंग आला आणि पाठोपाठ घरोघर व्हिडिओ आला. घरोघर म्हणजे विकत घेतलेला नव्हे. यंत्र रात्रीपुरतें भाड्यानें आणावयाचें, सोबत तीन कॅसेटी आणावयाच्या, आणि पहांटेपर्यंत तिन्ही संपवावयाच्या, कारण सकाळीं यंत्र परत द्यावयाचें असे. दोन नवे हिंदी चित्रपट तरुणांच्या वांट्याचे. तिसरा घरांतल्या म्हाताऱ्यांच्या मनासारखा. या तिसऱ्याच्या पोटीं 'कुंकू' आमच्या घरीं आला.

'कुंकू' १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं तो निर्माण केला. म्हाताऱ्या वकिलाशीं फसवून जिचें लग्न लावलें ती नीरा हें लग्न मानावयास साफ नकार देते, एवढीच त्याची कथा. शांता आपटे नीरा झाल्या आहेत आणि केशवराव दाते वकील. आमच्याकडे आलेली कॅसेट प्रतीच्या प्रतीची प्रत असावी. चेहरे ताकानें धुतल्यासारखे दिसत. चित्र मधूनच थरथरून वर सरके. थोड्या वेळानें सर्वांच्या लक्षांत आलें कीं, संवाद ऐकूं येतात, घड्याळाची टिकटिक ऐकूं येते, पावलें वाजतात, परंतु पार्श्वसंगीत म्हणून कांहींच नाहीं. काकांनीं यंत्राच्या पाठींत दोन थापा मारल्या. आवाजाचा अर्धा भाग पुसला गेला आहे असा आम्हीं निष्कर्ष काढला, आणि सकाळीं यंत्र परत देतांना दुकानदाराला चार शब्द सुनावले.

तो दोष नव्हता. शांतारामबापूंनीं या बोलपटांतून पार्श्वसंगीत बुद्ध्याच वर्ज्य केलें होतें. घरांत स्वभावतः जे आवाज असतील तेवढेच ठेवावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. एका प्रसंगीं नीरा इंग्रजी कविता गाते, तीहि ग्रामोफोनच्या तबकडीबरोबर. बोलपट म्हणजे गाण्यांचा गुच्छ अशी समजूत असलेल्या काळांत हें केवढें धाडस होतें ! त्या टिकटिकणाऱ्या घड्याळांत म्हाताऱ्या नवऱ्याचें सरत आलेलें आयुष्य होतें, आणि आम्ही त्यावर यंत्राला थापा मारीत बसलों होतों. हें मला कळलें तें बऱ्याच वर्षांनीं, तबकडीवर उतरविलेली स्वच्छ प्रत पाहिली तेव्हां. दुकानदाराची माफी मागावयाची मात्र राहून गेली.

हा प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु घरीं बसून जुना बोलपट पाहणाराची सारी अडचण त्यांत आली आहे. समोर दिसतें त्यांत कर्त्याची कला कोणती आणि काळानें केलेली हानि कोणती, हें सांगावयास जवळ कोणी नसतें. आम्हीं कलेला दोष समजलों. याच्या उलटहि घडतें, आणि तें अधिक घातक.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत तो लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट, म्हणजे चार रिळें. आज तो कोणालाहि घरबसल्या सांपडतो, आणि पाहणारा म्हणतो, "मीं हरिश्चंद्र पाहिला." त्यानें पाहिलेलीं असतात तीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोन रिळें; मधला भाग नष्ट झाला आहे. एवढेंच नव्हे, तर उरलेला भाग १९१३ चा नसून फाळक्यांनींच १९१७ सालीं पुन्हां घेतलेल्या आवृत्तीचा आहे, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. शिवाय त्यांतलीं माणसें तुरुतुरु चालतात, त्याला आमच्या घरचीं मुलें हंसतात. अण्णा साळुंके हा उपाहारगृहांत काम करणारा मुलगा तारामती झाला आहे. तिनें लगबगीनें हात हलविले कीं मुलांची करमणूक होते. ही लगबग साळुंक्यांची नव्हे. मूकपटाचा कॅमेरा हातानें फिरवीत, आणि त्याची गति सेकंदास सोळाच्या आसपास चित्रें अशी असे. बोलपट आल्यावर ती चोवीस ठरली. जुनी फीत नव्या गतीनें पळविली म्हणजे राजा हरिश्चंद्रहि विदूषकासारखा धांवूं लागतो. एका गंभीर मनुष्याच्या आयुष्याची कमाई आपण नकळत थट्टेवारी नेतों.

घरच्या पडद्यानें जें खरोखर नवें दिलें तेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर हें भाषण केवळ रडगाणें होईल. प्रभातच्या मंडळींनीं आपले पुष्कळसे बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत, त्याच देखाव्यांत, वेगवेगळे घेतले. 'कुंकू'चें हिंदी रूप 'दुनिया न माने', 'माणूस'चें 'आदमी', 'शेजारी'चें 'पडोसी'. चित्रपटगृहांत जाणारा यांपैकीं एकच पाहत असे. आतां एका रात्रीं दोन्ही पाहतां येतात, थांबवून, मागें नेऊन. 'शेजारी'त केशवराव दात्यांचा जिवबा पाहावा आणि लगेच 'पडोसी'तला मजहर खान यांचा ठाकूर पाहावा. गजानन जागीरदार दोहोंत मिर्झाच आहेत. म्हणजे १९४१ सालीं, देशांतलें वातावरण बिघडत चाललें असतां, 'पडोसी'त हिंदु शेजाऱ्याचें काम मुसलमान नट करतो आणि मुसलमान शेजाऱ्याचें काम हिंदु नट. ही योजना त्या काळच्या प्रेक्षकालाहि कळली असेल; परंतु जागीरदारांचा मिर्झा एका शेजाऱ्यापुढें कसा बोलतो आणि दुसऱ्यापुढें कसा बोलतो, हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची सोय त्याला नव्हती. 'संत तुकारामां'तली गौरीची आवली मीं किती वेळां पाहिली याची मोजदाद नाहीं. मूल आजारी पडल्यावर ती हातांत चप्पल घेऊन विठोबाला मारावयास देवळांत शिरते. पहिल्यानें हंसूं येतें. दुसऱ्यानें येत नाहीं.

आतां हे बोलपट आपल्यापर्यंत पोचले कसे ? प्रभात कंपनी १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत निघाली, १९३३ सालीं पुण्यास गेली आणि १९५३ त बंद पडली. तिच्या जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था आली. १९६४ सालीं पुण्यांतच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि त्यांत पी. के. नायर हा एक वेडा माणूस लाभला. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे उरलेले तुकडे त्यांनीं मिळविले. गांवोगांवच्या गोदामांतून डबे उचलून आणले. ज्या फितींतलें रुपें काढून घेऊन उरलेली पट्टी विकण्याचा धंदा चालत होता, त्या फिती विकत घेऊन जपून ठेवणें यालाच व्यवहारी लोक वेड म्हणत असावेत. प्रभातच्या बाबतींत दामले यांच्या पुढच्या पिढ्यांनीं चित्रपट सांभाळले आणि व्हिडिओच्या काळांत ते पुन्हां लोकांपुढें आणले. आपण घरीं बसून जें फुकट पाहतों त्याच्यामागें असे थोडके हात आहेत.

हे हात पोचले नाहींत तेथें अंधार आहे. मूकपटांच्या काळांत भारतांत तेराशेंहून अधिक चित्रपट निघाले. पूर्ण-अपूर्ण मिळून आज उरले आहेत ते सुमारें तीस. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ चा, तो नष्ट झाला. प्रभातचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा आज उपलब्ध असलेल्या बोलपटांत सर्वांत जुना गणला जातो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' ज्यांनीं पाहिला त्यांनीं त्याचें वर्णन करून ठेवलें आहे. कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेंत तरुण शांताराम होते. तो मूकपट आज कोणत्याहि दुकानांत, कोणत्याहि यंत्रावर मिळणार नाहीं. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत 'संत तुकारामा'चा गौरव झाला. त्या वेळचें प्रशस्तिपत्र पुढें हरवलें, तें कचऱ्याच्या पेटींत कोणाला तरी सांपडलें, आणि २००४ सालीं तें संग्रहालयांत परत आलें. जेथें मानपत्राची ही गति, तेथें फितीची काय कथा ! ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीं उतरून ठेवल्या होत्या तेवढे तगले.

हें दुर्दैव आपल्या एकट्यांचें आहे असें मात्र नव्हे. पूर्वेस फिलिपाइन्स बेटांवर कोंकणासारखीच उष्ण आणि दमट हवा. तेथील माणसानें दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'दालागांग बुकिद', होसे नेपोमुसेनो यांचा, १९१९ सालचा. तो नामशेष झाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या तेथील चित्रपटांपैकीं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच वांचले, कारण हवेनें जें सोडलें तें १९४५ च्या मनिलाच्या लढाईनें नेलें. इश्माएल बेर्नाल यांचा 'हिमाला' तर १९८२ चा, म्हणजे आपल्याकडे व्हिडिओ आला त्या वर्षाचा. त्याचेंहि २०१२ सालीं जीर्णोद्धाराचें काम करावें लागलें. एका दूरदर्शन कंपनीनें तें अंगावर घेतलें, आणि ज्यांनीं हा चित्रपट फिकट कॅसेटींवर पाहिला होता त्यांना नोरा औनोर यांचा चेहरा नव्यानें दिसला. तीस वर्षांच्या चित्रपटाला जीर्ण व्हावयास तीस वर्षें पुरतात, हें ऐकून मला आमच्या घरच्या ताकानें धुतलेल्या चेहऱ्यांची आठवण झाली.

शेवटीं पनवेलची एक गोष्ट सांगतों. पनवेलजवळचें शिरढोण हें आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचें नांव आहे. त्यांच्या चरित्रावर २००७ सालीं गजेंद्र अहिरे यांनीं चित्रपट काढला, तो सहज पाहावयास मिळतो. त्याच्या पुष्कळ आधीं, १९५० सालीं, विश्राम बेडेकरांनीं त्याच चरित्रावर बोलपट काढला होता. स्वातंत्र्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, एडनच्या त्या कैद्याकडे बेडेकरांनीं कोणत्या नजरेनें पाहिलें असेल याचें मला फार कुतूहल आहे. परंतु तो बोलपट माझ्या पाहण्यांत आजवर आलेला नाहीं. यंत्रावर नांव टाकलें कीं २००७ चाच पुढें येतो.

पनवेल, पेण, उरण या बाजूला तंबूंतले सिनेमे पुष्कळ हिंडले. कोणाच्या माळ्यावर, जुन्या गोदामांत, गंजलेला पत्र्याचा गोल डबा असण्याचा संभव आहे. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर आंतली फीत कुजूं लागली आहे असें समजावें. वास नसेल आणि फीत फार जुनी असेल तर ती नायट्रेटची असूं शकते, आणि ती ठिणगीसरशी पेट घेते. तेव्हां डबा चुलीपासून दूर, थंड जागीं ठेवा, उघडून ताणून पाहूं नका, आणि पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाका.