लोणारचा खार

बुलढाणा जिल्ह्यातील काळ्या पाषाणात, उल्केच्या आघाताने सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जे विवर निर्माण झाले, त्यात उतरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही. त्यामुळे झऱ्यांनी व पावसाने आणलेले क्षार तेथेच साचत, उन्हाने घट्ट होत, लोणार सरोवर खारट झाले. लोकांनी या खारेपणाचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला आणि गावात दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर उभे राहिले. परंतु सरोवराचा जो इतिहास महसुलाच्या दप्तरात आणि घरोघरच्या पापडाच्या पिठात उतरला आहे, तो मला पुराणकथेइतकाच आदरणीय वाटतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना, मेहकरच्या मुलुखातील लोणार येथे काच व साबण करण्यास लागणारे जिन्नस मिळतात, आणि तेथील क्षारांवरील जकातीने सरकारात चांगली भर पडते, असे नमूद केले आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटून काठ उघडे पडले, की चिखलावर पांढरा थर धरे. मजूर तो गोळा करीत, आणि दल्ला, पापडी, भुस्की अशा नावांनी त्याची प्रतवारी होई. बांगडीवाला कासार, साबण करणारा आणि कापड रंगविणारा रंगारी या सर्वांना तो लागे.

१८६१ साली बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्वे याने मीठ, चुनखडी व अमोनिया यांपासून सोडा करण्याची स्वस्त पद्धती सिद्ध केली, तेव्हापासून असल्या नैसर्गिक खाणींचे दिवस भरत आले. पुढे १९३९ मध्ये मिठापूरला टाटांचा रासायनिक कारखाना स्थापन झाला. लोणारचा परिसर तर २००० साली अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि ते योग्यच झाले.

खार मात्र स्वयंपाकघरातून गेला नाही. उडदाच्या पापडासाठी पापडखार व मीठ पाण्यात उकळून, पाणी निवळले म्हणजे गाळून, त्यात पीठ घट्ट भिजवितात आणि तेलाचा हात लावीत ते कुटतात; खाराने पीठ चिवट होते, पापड पातळ लाटला जातो व भाजताना फुलून खुसखुशीत होतो. खार अधिक पडला तर पापड तळताना तांबूस होतो आणि जिभेला साबणासारखा कडवट लागतो, एवढ्यावरून जाणती गृहिणी पुढच्या घाण्याचे प्रमाण ठरवी.

या खाराचा मुख्य घटक म्हणजे सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट. खाद्य-मिश्रकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्यांना ५०० हा क्रमांक असून, जागतिक तज्ज्ञ समितीने कार्बोनेटाच्या दैनिक सेवनाला संख्येची मर्यादा घातलेली नाही. याचा अर्थ तो कसाही व कितीही खावा, असा मुळीच नाही. रक्तदाबाच्या रोग्याने मिठाप्रमाणेच त्यातील सोडियमही हिशेबात धरावे. डाळी लवकर शिजाव्यात म्हणून त्यात सोडा घालण्याची जी सवय पुष्कळ घरांत आहे, तिने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. आणि दिसायला सारखा व स्वस्त म्हणून धुण्याचा सोडा पापडात वापरणे तर सर्वथा गैर आहे, कारण तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. त्यातील शिसे, आर्सेनिक यांसारख्या अशुद्धींची तपासणी होत नाही, आणि उकळून गाळल्याने विरघळलेले विष निघून जात नाही.