गंगावन, जट आणि कानेकालॉन

मंडळी, गेल्या शनिवारी अस्मादिकांनी उदगीरच्या घरी ओसरीवर बसून चक्क प्लॅस्टिकच्या जटा वळल्या. हसू नका! धाकट्या बहिणीच्या कॉलेजात गॅदरिंग आहे. बाईसाहेबांना बॉब मार्लेसारखे ड्रेडलॉक्स हवेत, पण स्वतःचे केस गुंतवायचे नाहीत. मग काय, पुण्याहून येताना नकली केसांची पाकिटं घेऊन आलो.

पाकिटं निवडतानाच अर्धा दिवस गेला. स्वस्त माल चकचकीत असतो, बाहुलीच्या केसांसारखा. लांबूनही नकली कळतो. शेवटी कानेकालॉन घेतलं. जपानच्या कानेका कंपनीनं १९५७ साली आणलेला हा तंतू. जात मॉडअ‍ॅक्रिलिक, म्हणजे अ‍ॅक्रिलोनायट्राइल आणि व्हिनाइल क्लोराइड यांचं लग्न. चमक मंद, हाताला मऊ, आणि वाफ दिली की दिलेला आकार धरून ठेवतो.

मग रंगांची मिसळ. काळ्या आणि तपकिरी तंतूंच्या जुड्या एकावर एक ठेवायच्या, दोन्ही टोकांना धरून ओढून दोन भाग करायचे, ते परत एकावर एक. दरवेळी थर दुप्पट. दोनाचे चार, चाराचे आठ... दहाव्या घाताला १०२४. (इंजिनिअरिंगची डिग्री कुठेतरी कामी आली म्हणायची!) पण इतकं एकजीव केलं की रंग मेल्यासारखा दिसतो. खऱ्या केसांत छटा असतात, म्हणून मी पाचव्या-सहाव्या फेरीला थांबलो. पुढे खिडकीच्या गजाला बांधून बारीक फणीनं उलटं विंचरायचं, पीळ द्यायचा, वाफ द्यायची. एका जटेला वीस मिनिटं. अशा तीस हव्यात. करा हिशेब.

एवढी मेहनत का, तर प्लॅस्टिकचा तंतू गुळगुळीत असतो. माणसाच्या केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. घाण, तेल, घाम साचला, फणी लागली नाही, की खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा व्हावा तसा गोळा होतो. मला दहा तास लागणारं काम केस आपलं आपण करतात. त्यालाच आपल्याकडे जट म्हणतात.

आजी हे सगळं दारात उभी राहून बघत होती. "काय आणलास रे लेकरा हे घरात?" मी म्हटलं, गंगावनच समज. गंगावन तिला चांगलं माहीत. तिच्या ट्रंकेत अजून एक आहे, काळं नायलॉनचं, लग्नातल्या अंबाड्यासाठी घेतलेलं. पूर्वीचं गंगावन चवरी गाईच्या, म्हणजे याकच्या शेपटीच्या केसांचं असायचं. हिमालयातली शेपटी मराठी अंबाड्यात! म्हणजे दुसऱ्याचे केस डोक्यात माळायला आजीची काहीच हरकत नव्हती.

"गंगावन कसलं," ती म्हणाली, "जट हाय ही."

मग तिनं माहेरच्या गल्लीतल्या एका पोरीची गोष्ट सांगितली. आजारपणात केस विंचरले गेले नाहीत, मागे गुंता झाला. घरच्यांनी हळद-कुंकू वाहिलं. देवीची जट, कापली तर कोप होईल. पोरीला यल्लम्माला सोडली. आजी तेव्हा तिच्याएवढीच होती. आणि आजीची आई रोज सकाळी तिच्या डोक्यात फणी इतकी जोरात घालायची की डोळ्यांत पाणी यायचं. का, ते तिला पुष्कळ वर्षांनी कळलं.

देवदासींच्या संरक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ सालीच झाला होता. पण तो इलाख्यापुरता, आणि उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ साली. महाराष्ट्रानं देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतःचा कायदा केला तो थेट २००५ साली. ज्यांनी २००९ चा 'जोगवा' पाहिलाय, त्यांना नायिकेच्या आयुष्याला जटेनं दिलेलं वळण आठवत असेल. ती काही जुनीपुराणी गोष्ट नव्हे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून जास्त बायकांच्या जटा कापल्यात. कात्री चालायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो घरच्यांची भीती घालवायला.

मला खटकतं ते वेगळंच. आमच्या उदगीरच्या किल्ल्यात उदयगिरी ऋषींची समाधी आहे. गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं सांगतात. जटाधारी साधू आला की आम्ही पाया पडतो, कारण त्यानं जटा स्वतः वाढवल्या. तिकडे जमैकातल्या रास्तांनीही त्या स्वतःच्या मर्जीनं राखल्या. त्या पोरीला मात्र कुणी विचारलंच नाही.

असो. आजीला मी जोडणी दाखवली: बहिणीच्या केसांची बारीक वेणी घालताना नकली जट आत गुंफायची, टोकाला रबर. रबर कापलं, वेणी उसवली, संपलं. तिनं एक जट हातात घेऊन उलटसुलट केली, वास घेतला, नखानं टोकरून पाहिली.

"सगळ्या निघत्यात?"

"सगळ्या. रविवारी संध्याकाळी काढणार."

"काढताना मला बोलाव," म्हणाली. "आन् फणी मी घालणार."