छिन्नमनस्कता आणि विसरलेलं शरीर

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. मन वेगळं, शरीर वेगळं. आज पाहू, या विभागणीची किंमत कुणी मोजली.

क्रेपेलिन या जर्मन वैद्यानं वर्णन केलेल्या आजाराला १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लॉइलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं. आपण त्याला छिन्नमनस्कता म्हणतो. शरीरातच तयार होणारं एखादं विष मेंदू बिघडवत असावं, असं क्रेपेलिन यांना वाटे.

त्यांच्या हाताखाली शिकलेले हेन्री कॉटन १९०७ मध्ये अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. वेड म्हणजे शरीरात दडलेला जंतुसंसर्ग, ही त्यांची खात्री. मग रुग्णांचे दात काढले, टॉन्सिल काढले, पुढे मोठं आतडंसुद्धा! अँटिबायोटिक तेव्हा नव्हती. पंच्याऐंशी टक्के रुग्ण बरे होतात, हा त्यांचा दावा. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शंभरातले सुमारे तीस दगावतात, हेही त्यांचंच म्हणणं. १९२४ मध्ये फिलिस ग्रीनेकर या डॉक्टरबाईंनी तिथली कागदपत्रं तपासायला घेतली. दावा टिकला नाही. पण त्यांचा अहवाल वरिष्ठांनी दाबून ठेवला, आणि दात काढणं चालूच राहिलं.

आता यातून काय घ्यायचं? शरीराचा संबंधच नाही, असं? तसं नाही. २०१६ मध्ये संशोधकांना आढळलं, की सी-४ या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकाचे काही प्रकार या आजाराचा धोका थोडा वाढवतात. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कोविड रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत वयाच्या खालोखाल छिन्नमनस्कता होती. मधुमेह, हृदयविकार त्यानंतर.

म्हणजे शरीराकडे बघायला हवंच होतं. कॉटननी शरीराला आरोपी केलं, रुग्णाला विचारलं नाही. आणि आज? या माणसांचं आयुष्य इतरांपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी कमी भरतं. स्नायू लवकर थकतात, चाल मंदावते. धूम्रपान, बैठं जगणं, गरिबी, वजन वाढवणारी काही औषधं, सगळ्याचा त्यात वाटा आहे. तरी त्यानं छातीत दुखतंय म्हटलं, की आपण म्हणतो, ‘भास होत असेल.’

तत्त्वज्ञानात मन-शरीराचा वाद चारशे वर्षं चाललाय. अजून चालला तरी हरकत नाही. पण त्या माणसाचा रक्तदाब मोजायला, त्याला फ्लूची लस द्यायला वादाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.