दादरची फुले, राळेगणचे पाणी

वरळीच्या बीडीडी चाळींविषयी वर्गात बोलताना आम्ही आजवर एकच दिशा शिकवत आलो : गावाकडून मुंबईकडे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (समुद्र हटवून बॅकबेची जमीन काढण्याचा उद्योगही याच खात्याचा) कामगारांसाठी एकेका खोलीची घरे बांधली. त्यांत कोकणातली, घाटावरची माणसे आली. ती का आली, याचे आमचे ठरलेले उत्तर 'गिरणी'. आटलेल्या विहिरीचे नाव क्वचितच निघते. आणि मुंबई सोडून परतलेला माणूस आमच्या लेखी हरलेलाच.

या वाचनाला छेद देणारे एक चरित्र वरळीशेजारच्या दादरमधून जाते. किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे. सातवीपर्यंत शिक्षण, दादर स्थानकाजवळ फुलविक्री, पुढे स्वतःचे दुकान; १९६० साली सैन्यात ट्रकचालक; १९६५च्या युद्धात खेमकरणला साथीदार पडले, ते वाचले; १९७५ साली निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. या प्रवासात पर्यावरणशास्त्र कुठेच नाही. नाला-बंडिंग, पाझर तलाव, चराईबंदी ही विद्या त्यांनी विलासराव साळुंखे यांचे काम पाहून उचलली. साळुंखे तरी कुठे पाणीतज्ज्ञ होते? पुण्याचे अभियंता-कारखानदार, १९७२च्या दुष्काळाने त्यांना पुरंदरातल्या नायगावी नेले. (बीडीडी चाळींचे नायगाव निराळे.)

चरित्रकारांना पाळण्यातच पाय पाहण्याची खोड असते. आम्हाला मात्र सुटलेल्या व्यवसायांच्या खुणाच बोलक्या वाटतात. साळुंखे यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरे, भूमिहीनालाही मिळे आणि उसाला मनाई असे. हा अभियंत्याचा हिशेब. राळेगणात पाण्याबरोबर बराकीची शिस्तही आली. मद्यपींना खांबाला बांधून मारल्याचे हजारे यांनी स्वतः नाकारलेले नाही. हिरव्या डोंगराचे कौतुक करताना ही बाजू गाळली जाते, तेव्हा चरित्राची पोथी होते.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या आठवणी टिपायला विद्यार्थ्यांना धाडू, तेव्हा पहिला प्रश्न गिरणीचा नसेल. आजोबांच्या गावच्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, हा असेल.