पडद्याला हात कोणी लावावा?



आमच्या वर्गातल्या एका मुलाचा प्रोग्रॅम त्याच्या घरच्या संगणकावर बिनतक्रार चालत होता. परीक्षकांसमोर मात्र पडदा गोठला. बटण दाबावे तर दाद नाही, खिडकी मिटावी तर मिटत नाही. पोराचे तोंड एवढेसे झाले. चूक त्याची खरी. पण तीच चूक त्याच्याआधी मोठमोठ्या जाणकारांनी केलेली आहे. तिची ही हकीकत.

एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकदम चालू शकतात. अशा प्रत्येक ओघाला थ्रेड म्हणतात. एक थ्रेड फाइल आणतो, दुसरा हिशेब करतो. मग पडद्यावरचा आकडा बदलायचा कोणी? १९९६ साली सन कंपनीची जावा भाषा बाहेर आली. एकच प्रोग्रॅम विंडोजवर, युनिक्सवर, सगळीकडे चालावा, हा तिचा बाणा. कर्त्यांना वाटले, कोणत्याही थ्रेडने खुशाल पडद्याला हात लावावा. वस्तूंना कुलपे घातली की झाले!

पण तसे झाले नाही. का बरे? आपण बटण दाबतो ती वर्दी यंत्रणेकडून वर प्रोग्रॅमकडे जाते. वाटेत आधी खिडकीचे कुलूप घेते, मग माहितीचे. प्रोग्रॅमचा हुकूम उलट खाली येतो. तो आधी माहितीचे घेतो, मग खिडकीचे. एकाने दौत धरली, दुसऱ्याने टाक. दोघेही म्हणतात, ‘आधी तुझे दे.’ मग लिहिणार कोण? यालाच डेडलॉक म्हणतात. तो रोज होत नाही, वेळेचा मेळ बसला तरच होतो. म्हणून तर घरी चाललेले परीक्षेत अडते.

१९९८ च्या डिसेंबरात जावाबरोबर ‘स्विंग’ हा नवा संच आला. त्याने नियम केला: पडद्याला एकाच थ्रेडने हात लावायचा, इतरांनी त्याच्या रांगेत चिठ्ठी ठेवायची. २००४ साली सनमधल्याच ग्रॅहम हॅमिल्टन यांनी ‘अनेक थ्रेडांच्या पडद्याचे स्वप्न फसले काय?’ असा उघड प्रश्न केला. ॲपलच्या मॅकवर आणि अँड्रॉइडवरही हाच एकहाती नियम आहे.

मात्र त्या एका थ्रेडवर जड काम लादले, तर पडदा पुन्हा गोठतोच. म्हणून कष्टाची कामे इतरांनी करावीत, आणि पडद्यावर लिहिणे तेवढे त्याच्याकडे ठेवावे. आमच्या मुलाने पुढे चारच ओळी बदलल्या, प्रोग्रॅम चालला.