पांढुर्ण्याचे साधे फोटो

पांढुर्णा म्हटले की जाम नदीतली गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. जीवही गेले आहेत. फोटो छापून येतात ते त्या दगडफेकीचेच. १९५६ साली मध्य प्रदेशात राहिलेल्या, २०२३ मध्ये जिल्हा झालेल्या या मराठी मुलखात मी गेलो तेव्हा नदी शांत होती. मग मोबाइलवर संत्र्यांच्या राशी टिपल्या, सौसरला चहाची टपरी. निम्मे फोटो हलले, पुन्हा काढले. आपल्या मांद्र्याच्या भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आठवले. १८५० च्या दशकात मुंबईत त्यांनी साध्या, कामकरी माणसांचे फोटो काढले, तेही काचा आणि रसायनांच्या त्या जमान्यात!
टपरीवाला म्हणाला, "याचा फोटो कायले जी? गोटमारीले या ना!"